टोकाकडचं ओझं

"…ते राहू दे. यात चढायचं सामान कुठलं?"

दस्तगीरमामूंनी हे विचारलं, तेव्हा उत्कर्षा डुबल चिंचेखाली ताडपत्री पसरून आपलं सामान पुसून ठेवत होती.

"सगळंच चढायचं आहे, मामू."

"एकेक सांग बघू."

सांगायला तिला आवडायचं. पुण्यात दीड वर्ष राहून ती हे शिकली होती. झाड तोडायचं नाही, दोरावर लटकून त्याचं वाळकं आणि धोक्याचं तेवढंच छाटायचं. वारणेकाठच्या या तालुक्याच्या गावात असल्या कामाला नाव नव्हतं. कुणी तिला झाडांची डॉक्टरीण म्हणायचं. पाठीमागं माकडीण म्हणायचे.

"हा पट्टा?"

"कमरेला आणि मांड्यांना बांधायचा. पडू नये म्हणून."

"ही टोपी?"

"हेल्मेट. वरून काही पडलं तर लागू नये म्हणून."

"ह्या कड्या?"

"दोर सुटून मी पडू नये म्हणून."

"आणि हा दुसरा दोर?"

"पहिला तुटला तर पडू नये म्हणून."

मामूंनी हातातली चिंच दगडावर फोडली, चिंचोका बाजूला टाकला.

"म्हणजे सगळं पडायचंच सामान हाय. चढायचं घरी राहिलं का?"

झाडाखाली भाजी घेऊन बसलेल्या बायका हसल्या. सगळ्यात मोठ्यानं गौराक्का हसल्या. एकोणीस वर्षं त्यांची पाटी याच सावलीत होती, त्यामुळे इथं हसायचा पहिला मान त्या स्वतःकडेच ठेवायच्या.

उत्कर्षाला राग आला. तीन दिवस ती या झाडावर राबली होती. तळहात सोलून निघाले होते.

"हे सामान नव्हतं म्हणूनच तुमचा पाय असा झालाय, मामू."

बायकांचं हसू थांबलं.

मामूंचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी चिंचा झोडपल्या होत्या. माघ लागला की गावोगावच्या झाडांवर अनवाणी चढायचं, फांदीवर उभं राहून ती पायानं हलवायची आणि लांब बांबूच्या आकडीनं टोकाच्या चिंचा पाडायच्या. एकसष्टाव्या वर्षी ते पडले. तेव्हापासून या झाडामागच्या तकियात, फकिरांच्या जुन्या खोलीत, राहायचे. मागं ना कुटुंब, ना घर. येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करायची आणि कुणी फारच गळ्यात पडलं तर एखादा शब्द सांगायचा, एवढाच त्यांचा उद्योग. लोक त्यांना फकीर म्हणायचे. ते म्हणायचे, फकीर व्हायला आधी काहीतरी सोडावं लागतं.

"खरं हाय," मामू म्हणाले. "दोर असता तर पडलो नसतो."

उत्कर्षाला भांडण हवं होतं. ते मिळालं नाही.

…

ही चिंच साठ-सत्तर फूट उंच होती आणि तिचा घेर दोघांच्या कवेत मावत नव्हता. बाजाराच्या बाजूनं तिची एक जाड फांदी पंचवीस फुटांवर फुटून थेट रस्त्यावर गेली होती. पस्तीस फूट लांब. टोकाला पानांचा एवढा मोठा झुबका, की त्याच्या भारानं शेंडे खाली लोंबायचे आणि उसाच्या ट्रॉल्यांना घासायचे.

नगरपालिकेनं बुंध्यावर लाल फुली मारली होती. झाडं मोजायची म्हटली की या नगरपालिकेला माणूस मिळत नसे. तोडायची म्हटली की दोन गाड्या भरून येत. कारण लिहिलं होतं: 'वाहतुकीस व जीवितास धोका.' ज्या बायकांच्या जीविताची ही काळजी होती, त्यांनी सावली गेल्यावर कुठं बसायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. झाडाच्या जागी काय येणार हे मात्र नकाशात आधीच काढून ठेवलेलं होतं. सोळा गाळे.

बायका कचेरीच्या दारात बसल्या. उत्कर्षानं अर्ज लिहिला, की झाड तोडायची गरज नाही, एक फांदी हलकी केली की पुरे. मग कनिष्ठ अभियंता सावळवाडे यांनी नाइलाजानं एका आठवड्याची मुदत दिली. शुक्रवारी दुपारी बाराला पाहणी. फांदीचं खालचं टोक रस्त्यापासून सोळा फुटांवर हवं, आणि फांदी सुरक्षित असल्याचं उत्कर्षानं सहीनिशी लिहून द्यायचं. नाहीतर लाकडाचे ठेकेदार खोत यांची माणसं यंत्राची करवत घेऊन तयार होती.

आज गुरुवार. सही तिनं सकाळीच करून टाकली होती.

आणि का करू नये? झाड आतून लख्ख दिसत होतं. बुंध्यापासून दूरपर्यंत एकेक फांदी तिनं साफ केली होती. आतल्या बारक्या फुटव्यांचा ढीग खाली पडायचा, तेव्हा बायका वर बघून हात जोडायच्या. सावळवाडेसुद्धा म्हणाले होते, वा, आता कसं मोकळं वाटतंय.

टोकाचे लोंबणारे शेंडे तेवढे राहिले होते. ते ती उद्या सकाळी रस्त्यावर उभी राहून लांब दांड्याच्या करवतीनं छाटणार होती.

मामूंनी मान वर केली. बराच वेळ ते फांदीकडे बघत राहिले.

"आतलं सगळं का काढलंस?"

"वजन कमी करायला."

"आणि टोकाचं?"

"उद्या. खालून. शेंडे छाटले की सोळा फूट होतात."

"दाढी केली म्हणून माणूस वजनात कमी होतो का गं?"

पुन्हा हशा. या वेळी उत्कर्षानं वळून बायकांकडे बघितलं. हसू विझलं.

"मामू, मी हे शिकून आलेय."

"व्हय की. म्हणून तर इचारतोय."

त्यांनी भिंतीला टेकवलेली जुनी आकडी उचलली. बारा फुटांचा बांबू, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. तो त्यांनी तिच्या हातात दिला.

"एका टोकाला धर. एकाच हातानं. आडवा."

तिनं धरला. मामूंनी पाण्यानं भरलेला तांब्या दुसऱ्या टोकाला अडकवला. बांबू वाकला, तिचं मनगट खाली गेलं. तिनं दात आवळून तो सावरला.

"जड हाय?"

"आहे."

"थांब, हलका करतो."

मामू लंगडत तिच्याजवळ आले. तळहात सोललेले, म्हणून तिनं धरताना मुठीशेजारी बांबूला आपला घाम पुसायचा रुमाल गुंडाळला होता. तो त्यांनी सावकाश, मोठं काम केल्यासारखा सोडवला. झटकला. घडी घातली आणि खांद्यावर ठेवला.

"आता?"



तांब्या टोकाला हेलकावत होता. मनगट थरथरायला लागलं.

"झालं का हलकं?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"तीन दिवस लागले न्हवं तुला? मला तर घटकाभरसुद्धा लागली न्हाई."

गौराक्कांनी पदर तोंडाला लावला. पण त्या हसत नव्हत्या. त्या वर बघत होत्या, आपल्या पाटीवरून गेलेल्या त्या फांदीकडे.

बांबू तिच्या हातातून सुटला. पाणी मातीत गेलं.

…

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या वहीत होतं. आतली पालवी ओरबाडली आणि टोकाला झुबका तसाच ठेवला तर फांदी कमजोर होते, वाऱ्यात झोल खाते, मोडते. परीक्षेत तिनं यावर दीड पान लिहिलं होतं, बाईंनी कौतुकानं वर्गात वाचून दाखवलं होतं.

मग तिनं तेच का केलं?

कारण आत तिचा दोर सरळ वरून यायचा. आत पाय टेकायला जागा होती. आतलं काम खालून दिसायचं, आणि खाली लोक होते. टोकाला गेलं की दोर तिरका होतो. तिथं पाय सटकला तर माणूस खाली पडत नाही; झोक्यासारखा परत येतो आणि पाठीनं बुंध्यावर आपटतो. पुण्यात एकजण असा आपटलेला तिनं पाहिला होता. आवाज अजून कानात होता.

ती ताडपत्रीवर बसली.

"मी टोकाला गेलेच नाही," ती म्हणाली. "तीन दिवसांत एकदाही."

"दिसलं मला."

"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"पहिल्या दिवशी तू इचारलं न्हाईस. तू सांगत हुतीस."

मामूंनी आणखी दोन चिंचा फोडल्या.

"तुम्ही कसे जायचा टोकाला?"

"चिंच टोकालाच लागते, बेटा. बुंध्याशी बसून कोण देणार?" त्यांनी तळहात आडवा धरला आणि त्यावर दुसऱ्या हाताची दोन बोटं चालवली. "पाय टाकायचा. फांदी हलती. मग थांबती. थांबली की पुढचा पाय. अशी थांबतीय तवर जायचं. एक जागा येती, तिथं ती हलायची थांबतच न्हाई. तिथनं पुढची चिंच पाखरांची. आमच्या धंद्यात कुणीबी ती पाडत नव्हतं."

"आणि मला तर त्याच्या पुढं जायचंय."

"तुझ्याकडं दोर हाय. मला मिळाला असता, तर पाखरं उपाशी मेली असती."

उत्कर्षा पहिल्यांदा हसली. मग तिला सहीची आठवण झाली आणि हसू गेलं.

"मामू, मी लिहून दिलंय. फांदी सुरक्षित आहे म्हणून."

मामूंनी खांद्यावरचा रुमाल तिच्या मांडीवर ठेवला आणि तकियात निघून गेले.

…

शुक्रवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती.

"ते पत्र परत द्या," तिनं सावळवाडेंना सांगितलं.

"कुठलं?"

"माझ्या सहीचं. फांदी सुरक्षित नाही."

सावळवाडेंच्या खोलीत ठेकेदार खोत आधीच बसले होते. कचेरी उघडायच्या आधी ते आत कसे, हे विचारायची त्या गावात पद्धत नव्हती. त्यांनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

"बघा, साहेब. पोरगी प्रामाणिक आहे. आता ती स्वतःच म्हणतेय धोका आहे, तर माझ्या माणसांना उन्हाच्या आधी सुरुवात करू द्या."

"तीन दिवस काय केलंत मग?" सावळवाडे म्हणाले. "फोटो काढले?"

"चुकीचं काम केलं."

त्या खोलीत हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं नसावं.

"मग आता बारा कशाला वाजवायचे?" सावळवाडेंनी विचारलं.

"कारण तुमच्या पत्रात बारा लिहिलंय," उत्कर्षा म्हणाली. "बाराच्या आधी झाडाला कुणी करवत लावली तर ती तुमच्या सहीच्या विरुद्ध असेल, माझ्या नाही. माझं पत्र द्या. बाराला नवीन देईन, नाहीतर तुम्ही तोडा."

सावळवाडेंनी फाइल उघडली. कागद दिला. हात जरा सावकाश चालत होता.

खोत हसले. "जाऊ दे साहेब, तीन दिवसांत नाही झालं ते तीन तासांत काय होणार?"

…

शुक्रवार बाजाराचा दिवस. बातमी तिच्या आधी झाडापाशी पोचली होती. गौराक्कांनी बायकांना उठवून रस्त्याच्या पलीकडे बसवलं होतं, आणि फांदीखालची सगळी जागा पाट्या आडव्या लावून मोकळी ठेवली होती. पोलिसाला न विचारता. पोलीस तिथंच उभा होता. त्यानं वांगी घेतली आणि बाजूला झाला.

उत्कर्षानं यंत्राची करवत खालीच ठेवली. हातकरवत कमरेला लावली. बूट काढले.

"अनवाणी?" गौराक्का म्हणाल्या.

"पायाला कळायला हवं."

पहिला दोर तिनं मधल्या उंच फांदीवरून घेतला, नेहमीसारखा. दुसरा दोर तिनं शेजारच्या, रस्त्याकडेच झुकलेल्या वरच्या फांदीवर टाकला. दोर वर न्यायला फेकायची शिशाची पिशवी दोनदा चुकली. खाली खोतांची माणसं मोठ्यानं मोजत होती. तिसऱ्यांदा ती बेचक्यातून बरोबर गेली. आता ती दोन दोरांच्या मध्ये असणार होती. एकानं झोका दिला, तर दुसरा धरणार.

ती वर गेली. फांदीवर उभी राहिली.

आणि तिला कळलं, तिनं काय करून ठेवलंय.

तीन दिवसांपूर्वी इथं दर हातभर अंतरावर फुटवे होते. धरायला, पाय अडवायला. ते सगळे तिनंच काढले होते. समोर पस्तीस फूट उघडी, गुळगुळीत फांदी होती, आणि शेवटी तो झुबका, वाऱ्यावर डुलणारा.

तिनं पहिला पाय टाकला.

फांदी हलली. थांबली.

दुसरा पाय. हलली… थांबली.

दहाव्या पावलाला थांबायला वेळ लागला. पंधराव्याला आणखी. आता खालून कुणीतरी हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"मामू," तिनं हाक मारली. "किती पुढं जाऊ?"

मामू तकियाच्या दारात बसले होते. झाडाकडे पाठ करून. दगडावर चिंच फुटल्याचा आवाज आला.

"मामू."

"मला काय इचारतेस?" त्यांनी मान न वळवता सांगितलं. "मी खाली हाय."

बाजारात कुजबुज झाली. म्हातारा असं का करतो, म्हणून गौराक्का त्यांच्यावर चिडल्यासुद्धा. वर उत्कर्षा त्यांच्या पाठीकडे बघत राहिली… मग पायांकडे बघायला लागली.

पुढचा पाय.

फांदी हलली. आणि थांबेना.

पाखरांची हद्द आली होती.

तिनं दोन्ही दोर आवळले. अंग मागं टाकलं. निम्मं वजन दोरांवर गेलं आणि पायाखालचं लवलवणं जरा कमी झालं. तशीच ती तिरकी, टाचा उचलून पुढं सरकली. एक वीत. आणखी एक. पानं तोंडाला लागली. चिंचेचा आंबट वास नाकात शिरला. ती टोकाला होती.

तिनं करवत काढली.

भराभर काही नाही. मनगटाएवढी फांदी निवडायची, ती जिथं दुसऱ्या जिवंत फांदीला मिळते तिथंपर्यंत मागं यायचं, तिथंच कापायची. पुढं नाही, मागं नाही. पहिली खाली गेली. रस्त्यावर आदळली. बायकांनी ओढून बाजूला केली.

दुसरी. तिसरी.

चौथी पडली, तेव्हा तिला पायाखाली काहीतरी जाणवलं. दचकून तिनं दोर धरले. वाटलं, मोडतेय.

मोडत नव्हती. फांदी वर येत होती.

बोटभरच. पण तळव्यांना स्पष्ट कळलं. किती वर्षं झुकलेली ती फांदी भार गेला तशी पाठ ताणत होती, आणि उत्कर्षाला सोबत घेऊन वर उचलत होती.

तिनं पाचवी कापली. सहावी. हाताला गोळे आले, घाम डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा नव्हता. प्रत्येक फांदीबरोबर तेच घडत होतं. भार खाली, फांदी वर. आता खालच्यांनाही दिसायला लागलं होतं. कुणी बोलत नव्हतं. भर बाजाराच्या दिवशी, साडेअकरा वाजता, त्या चौकात फक्त हातकरवतीचा आवाज होता.

खोतांनी घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं. त्यांच्या माणसांनी घड्याळ सोडून कधीच वर बघायला सुरुवात केली होती.

चौदावी फांदी पडली, तेव्हा उत्कर्षानं करवत म्यानात घातली. झुबका गेला नव्हता. निम्मा उरला होता, गोल, सगळीकडून सारखा. कुणी काही कापलंय असं खालून बघणाऱ्याला वाटलंसुद्धा नसतं.

वारा आला. फांदी हलली.

थांबली.

…

बाराला पाच कमी असताना सावळवाडे मोजायची पट्टी घेऊन आले. सोळा फुटांवर लाल खूण. त्यांनी पट्टी फांदीच्या सगळ्यात खालच्या शेंड्याखाली उभी केली. शेंडा पट्टीला लागला नाही. त्यांनी पट्टी दोन पावलं सरकवली. लागला नाही. ते रस्त्याच्या मधोमध गेले, टाचा उंचावून बघितलं. खुणेच्या वर हातभर आकाश दिसत होतं.

"पट्टी बरोबर आहे ना?" खोतांनी विचारलं.

"झाड तोडायचं होतं तेव्हा बरोबर होती," गौराक्का म्हणाल्या.

तेवढ्यात कारखान्याच्या वाटेनं उसाची ट्रॉली आली. अशी भरलेली, की दोन्ही बाजूंनी ऊस रस्त्यावर लोळत होता. या फांदीखाली आली की प्रत्येक ट्रॉलीवरचा वरचा थर खरवडला जायचा, पानांचा पाऊस पडायचा, ड्रायव्हर शिवी घालायचा. ड्रायव्हरनं सवयीनं मान खाली घातली.

ट्रॉली पलीकडे गेली.

त्यानं मान वर केली. मागं वळून बघितलं. एकही पान पडलं नव्हतं.

पहिली टाळी कुणाची ते कळलं नाही. मग सगळ्या बाजारानं ती उचलली. बायका पाट्या घेऊन रस्ता ओलांडून परत आपापल्या जागी आल्या, एकेक करत, काही घाई नसल्यासारख्या, आणि बसल्या.

उत्कर्षा खाली उतरली. पाय सोललेले होते. तिनं पिशवीतून कोरा कागद काढला, गौराक्कांच्या तराजूच्या पालथ्या पारड्यावर ठेवला आणि नवीन पत्र लिहिलं. दोन ओळी. सही केली.

सावळवाडेंनी पत्र दोनदा वाचलं. मग आपल्या वहीत लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणी केली असता वृक्ष तोडण्याची आवश्यकता दिसून आली नाही.' जणू हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सरकारी कागदावर विजय असाच दिसतो. कोण जिंकलं ते त्यावर नसतं.

खोतांची माणसं करवत गाडीत चढवत होती.

"आलाच हायसा तर भेंडी तरी घेऊन जावा," गौराक्का त्यांना म्हणाल्या. "ताजी हाय."

खोतांनी घेतली नाही. त्यांच्या एका माणसानं घेतली.

…

गर्दी पांगल्यावर उत्कर्षा तकियाच्या दारात गेली. मामू अजून तसेच बसले होते, झाडाकडे पाठ करून. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"एकदाही बघितलं नाहीत," ती म्हणाली.

"न्हाई."

"फांदी वर आली, मामू. मी उभी असताना."

"ऐकलं मी. बाजार गप्प झाला."

ती वाट बघत राहिली. मामूंनी एक चिंच तिच्यापुढं सरकवली. तिनं ती उचलली नाही.

"तुम्ही पाठ केलीत तेव्हा मला राग आला होता. खूप."

"मग?"

"मग… पुढं गेले."

दगडावर ऊन आलं होतं. मामूंनी हात थांबवला.

"टोकावरनं इकडं बघितलंस का परत?"

"एकदा."

"काय दिसलं?"

"तुम्ही."

"कसा दिसलो?"

उत्कर्षा घुटमळली. खाली बघितलं. हातातला करवतीचा पट्टा उगाच घट्ट केला, सैल केला.

"सांग की."

"…लहान."

दस्तगीरमामू हसले. तोंडात उरलेले चारही दात दिसले. इतके हसले, की वाकत नसलेला पाय हातानं धरून त्यांना सावरावं लागलं. मग त्यांनी डोळे पुसले.

"मग पोचली होतीस, बेटा."